डावखुरा

बाबा : आता नीट बघ आणि सांग, चूक कुठे आहे?

मुलगी : बाबा, सकाळपासून तेच चाललंय. बसथांब्यावर एवढं मोठं पोस्टर लागलंय तुमचं, शेजारीपाजारी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतायत, आणि तुम्ही चुका काढताय.

बाबा : वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचा जन्म चुका काढण्यातच जातो. तो बारका पेचकस दे. बघ, बघ पुन्हा.

मुलगी : खुर्ची तुमचीच. पाय बांधायचे पट्टे तुमचेच. केस मात्र त्यांनी जरा काळे केलेत.

बाबा : त्याबद्दल तक्रार नाही. हात बघ.

मुलगी : हातात गोळा आहे.

बाबा : कुठल्या हातात?

मुलगी : डाव्या.

बाबा : आणि मी फेकतो कुठल्या हाताने?

मुलगी : अरे देवा. फोटो आरशातल्यासारखा उलटा केला त्यांनी. अक्षरं एका बाजूला होती ना, तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसल्यासारखे दिसत होता.

बाबा : म्हणजे अक्षरांकडे तोंड व्हावं म्हणून मला डावखुरा केलंत.

मुलगी : आमच्या जाहिरातीच्या धंद्यात सर्रास करतात. कोणाच्या लक्षात येत नाही.

बाबा : टेपवाल्याच्या आलं. माझ्या फेकी मोजून मोजून त्याची नजर तयार झालीय. बसमधून उतरायच्या आधी ओरडला म्हणे. तू छापायच्या आधी पाहिलं नव्हतंस?

मुलगी : पाहिलं होतं. मंजुरीची सही माझीच आहे. घाई होती.

बाबा : असेल.

मुलगी : रागावलात?

बाबा : छे. लोक पायांकडे बघतात, हाताकडे कोण बघतंय. बरं, ती खालची ओळ वाच.

मुलगी : मीच लिहिलीय.

बाबा : म्हणून तर वाच.

मुलगी : ‘हे बसून फेकतात. तुम्ही उभे राहून काय करताय?’

बाबा : झणझणीत आहे. पूर्वी मला बघून लोकांना दया यायची, आता स्वतःची लाज वाटते. गोळा किती लांब गेला, हे कोणी विचारायचं?

मुलगी : दयेपेक्षा बरं ना? पूर्वी स्पर्धेला मी, टेपकाका आणि चार रिकामटेकडे. परवा बघितलंत ना किती माणसं होती, टाळ्या काय...

बाबा : दुसरी फेक फाऊल होती.

मुलगी : हो?

बाबा : बूड खुर्चीवरून उचललं गेलं माझं. लाल बावटा वर, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. पूर्वी हळहळायचे, पण निदान गोळा जमिनीवर पडू द्यायचे.

मुलगी : तुम्हाला खूश करणं कठीण आहे.

बाबा : सोपं आहे. हात बदल, आणि ओळीखाली आकडा टाक. आठ मीटर बासष्ट. मग कोणाला टाळ्या वाजवायच्या तर वाजवू देत, कोणाला ‘एवढंच?’ म्हणायचं तर म्हणू देत.

मुलगी : ‘एवढंच?’ म्हटलेलं चालेल तुम्हाला?

बाबा : अगं, तीस वर्षं वाट बघतोय. एकानेही म्हटलेलं नाही.

मुलगी : सोमवारी बोलते ऑफिसात.

बाबा : बोल. आणि जाताना दार ओढून घे. सोनाराचा काटा आहे हा, वाऱ्याने हलतो.

(पंधरा दिवसांनंतर. मैदानाच्या कडेची सामानाची खोली.)

टेपकाका : ये, बस. जेवतेस ना वेळेवर?

मुलगी : जेवते. काका, ऑफिसला बाबांच्या खुर्चीचा फोटो हवाय. रिकाम्या खुर्चीचा.

टेपकाका : कशाला?

मुलगी : नवीन पोस्टरसाठी. बाबा गेल्याचं लोकांना कळलंय. थांब्यावर फुलं ठेवतायत.

टेपकाका : आणि हाताचं काय झालं?

मुलगी : सोमवारी बोलणार होते. रविवारी तुमचा फोन आला, दुकानात पडलेत म्हणून.

टेपकाका : म्हणजे अजून डावखुराच आहे तो तिथे.

मुलगी : हो.

टेपकाका : रिकाम्या खुर्चीखाली काय लिहिणार?

मुलगी : ओळ तयार आहे. दवाखान्यातच सुचली. डॉक्टर काहीतरी समजावत होते आणि मी मनातल्या मनात शब्द पुढेमागे करून बघत होते.

टेपकाका : चांगली आहे?

मुलगी : फार चांगली आहे. लोक थांबून वाचतील. रडतीलसुद्धा.

टेपकाका : मग अडतंय कुठे?

मुलगी : मग ते कायमचे बिचारे होतील, काका. आठ मीटर बासष्ट कुणाच्या लेखी राहणार नाही.

टेपकाका : हे बघ, खुर्ची मी काढून देतो. पण दुपारी एक बाई सरावाला येते, तिला दुसरी नाही. कालच पट्टे तिच्या मापाने आखूड केलेत. फोटोसाठी परत लांब करू?

मुलगी : नका करू. मी त्यांना नाही म्हणून कळवते.

टेपकाका : साहेबांना चालेल?

मुलगी : नाही चालणार.

टेपकाका : एक विचारू? हात तुझ्या कसा लक्षात आला नाही? फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून त्याचे पट्टे तूच आवळायचीस. एक स्पर्धा चुकवली नाहीस.

मुलगी : बाबांनीही विचारलं होतं. मी म्हटलं, घाई होती.

टेपकाका : नव्हती?

मुलगी : तीन दिवस पडून होतं ते माझ्या टेबलावर.

टेपकाका : मग?

मुलगी : पट्टे आवळले की मी मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी जाऊन उभी राहायचे. तिथून लोक दिसायचे. कोण हसतंय, कोण चुकचुकतंय, माझ्या वर्गातलं कोणी आलंय का. गोळा पडल्याचा धप्प आवाज झाला की कळायचं, संपलं.

टेपकाका : हे त्याला कधी...

मुलगी : नाही.

टेपकाका : मग बोलून टाक. इथे तिसरं कोणी नाही. मी टेप पुसत बसतो.

मुलगी : असं कसं बोलू?

टेपकाका : घरात बोलायचीस तसं.

मुलगी : बाबा, लोकांची नजर बदलायला जाहिरात लिहिली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही. ते तुमच्याकडे कसे बघतात, एवढंच मी इतकी वर्षं बघत आले. तुम्ही फेकताना मी तुम्हाला एकदाही पाहिलं नाही.