ब्लॉकमध्ये उरलेलं मेण

समारंभाचे अध्यक्ष डॉ. शरच्चंद्र देशकर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती कामिनीताई भोयर, त्यांचे कुटुंबीय आणि धंतोलीतल्या आपल्या या रुग्णालयातील माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंनी निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं दिली, त्यामुळे तक्रार करत नाही.

फुफ्फुसातल्या गाठीतून सुईनं काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा असतो. तो मेणाच्या वडीत बसवायचा आणि मशीनवर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, हे ताईंचं काम. त्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. काप बघून आजाराचं नाव मी सांगतो. सही माझी असते. नव्या मुलांना ताई म्हणत, "हळू काप रे बाप्पा, मेथीची जुडी नाही ते."

चार वर्षांपूर्वी वच्छलाबाईंचा तुकडा आला. त्यांचं नाव मी त्यांच्या मुलाच्या, अश्विनच्या, परवानगीनं घेतो आहे. काटोलकडच्या शेतकरी बाई, आयुष्यात विडी ओढली नाही. कॅन्सर पहिल्याच दिवशी दिसला. कोणत्या प्रकारचा, तेही कापांना रंग देऊन केलेल्या दोन चाचण्यांत कळलं. पण मला आणखी खात्री हवी होती. मी अजून दोन चाचण्या सांगितल्या, मग तीन, मग पुन्हा तीन. दर वेळी ब्लॉक मशीनला नव्यानं लावला की पातळी जुळवण्यातच थोडा तुकडा वाया जातो. ताई दारात आल्या.

"सर, अजून काहून कापता जी? जीनच्या तपासणीले काहीच नाही उरणार."

मी म्हणालो, "ताई, कापा."

माझा अहवाल उत्तम होता. मग कॅन्सरच्या डॉक्टरांनी जनुकीय तपासणी मागितली. विडी न ओढणाऱ्या बाईत ठरावीक जनुकीय बदल सापडण्याची शक्यता बरीच असते, आणि सापडला तर त्यावर रोजची गोळी असते. ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरलं होतं. रक्तातून तपासलं, उत्तर मिळालं नाही. पुन्हा सुई घालावी अशी बाईंची अवस्था नव्हती. केमो दिली. पाच महिन्यांनी त्या गेल्या. गोळी लागू पडली असती का? माहीत नाही. ते कळण्याचा मार्ग मी संपवला, एवढं माहीत आहे.

जनुकीय तपासणीच्या मागणीवर मी 'नमुना अपुरा' असं लिहिलं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला अश्विन ब्लॉक न्यायला आला, तेव्हा त्यानं विचारलं, "मायचा तुकडाच लहान निघाला होता काय वं ताई?" ताई "हो बापू" म्हणाल्या आणि रजिस्टरवर त्याची सही घेतली. मी आत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलो होतो. खरं सांगतो, मला काही वाटलं नाही. अजूनही नीटसं वाटत नाही.

त्यानंतर ताईंनी मला न विचारता एक पद्धत सुरू केली. फुफ्फुसाचा ब्लॉक पहिल्यांदा लावला की त्याच वेळी दहा कोरे, म्हणजे रंग न दिलेले, काप काढून जनुकीय तपासणीसाठी वेगळ्या डबीत ठेवायचे. त्या डबीला कुणी हात लावायचा नाही, सरांनीसुद्धा. त्या कापांवरून आजवर कितीतरी जणांची गोळी ठरली. मागच्या वर्षी परिषदेत या पद्धतीचं कौतुक झालं, तेव्हा शाल मी घेतली.

आठ दिवसांपूर्वी ताई म्हणाल्या, "सर, मी आता चालली बेसाले राहाले, लेकाजवळ. त्या पोराशी तुमच्यासाठी खोटं बोलली मी. ते घेऊन नाही जात."

रविवारी मी काटोलला अश्विनकडे गेलो. अंगणात खुर्ची टाकली त्यानं, चहा दिला. मी सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ताईनं तुमाले अडवलं होतं ना? मंग हे तिच्या लोकांसमोर बोला. ते खोटं तिच्यावर नका राहू देऊ."

म्हणून आज बोललो. नमुना अपुरा नव्हता.

कामिनीताई, आपले आभार. अध्यक्ष महोदय, आपण वेळ दिलात, आपलेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. वच्छलाबाईंच्या बाबतीतली माफी मात्र मी इथे मागत नाही. ती अश्विनकडे मागितली आहे. त्यानं अजून दिलेली नाही.