दाढ आणि बिल्ला

बहिरू गांगुर्डे यांच्या नावाच्या बिल्ल्यावर अकरा वर्षांत किरणांची नोंद शून्य होती. किरणांची खूण दातात कायम राहते; त्यांच्या काढलेल्या दाढेत मात्र सुरक्षित मर्यादेच्या चौपट मात्रा सापडली. गंगापूर रोडवरच्या रक्तविकारतज्ज्ञांकडे नंबरची वाट पाहताना भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका मेहरुन्निसा यांच्या कानांवर हे आयतेच पडले. बहिरूंच्याच कामावर आता लागलेला त्यांचा मुलगा महेश शेजारच्या बाकावर आईवडिलांच्या मध्ये बसून अहवाल मोठ्याने वाचत होता.

“आबा, दाढ खोटं बोलंल का?”

“तिला कुठं बढती पाहिजे?”

“मग बिल्ला?”

“पाइपांच्या जोडांचे किरणांनी फोटो काढतो आपण, म्हणून देतात तो. तीन महिन्यांनी तपासायला न्यायचा, नवा आणायचा. हरवला की लेखी जबाब. लय कटकट.”

“तुमचा कधी हरवला?”

“एकदाबी नाय. तुझ्या आईला विचार.”

“मी जपला म्हणून! देव्हाऱ्यात ठेवायचे, रोज हळदकुंकू वाहायचे. ह्यांच्या रक्षणाला दिलेली वस्तू, ती काय धुळीत न्यायची?”

“आई, तो राखत नाय गं. अंगावर किती किरणं पडली, तेवढंच मोजतो.”

“मला कुणी सांगितलं? आणि ह्यांनी तरी कधी मागितला?”

“मला बी राखतोच वाटायचं, सिंधू... महेश, तुझा कुठं हाय?”

“आईनं ठेवून घेतला. मीबी हरवायच्या भीतीनं दिला.”

“किती दिवस झाले?”

“चौदा महिने.”

मेहरुन्निसांनी चष्मा काढून हातात धरला. बहिरू अकरा वर्षे किरणांजवळ होते आणि त्यांचा बिल्ला घरी होता.