चार बोटं माझ्या बाजूला

— नाही, फोटो नका दाखवू. फोटो बघूनच येतात सगळे इथे. फोटोत कधी पाऊस असतो का? नीट बघा — लख्ख ऊन पडलंय, गाडी धुऊनपुसून उभी केलीय, आणि काचेवर मधोमध एकच वायपर. वा, काय तो रुबाब! शर्यतीच्या गाडीला असतो तसा, म्हणे. अहो, शर्यतीच्या गाडीत माणूस एकटा बसतो. आणि तुमची ही? तीस वर्षांची बाई, चढ लागला की धापा टाकते — आत्ता फाटकात शिरतानाच कशी खोकत आली, ऐकलं मी — आणि तिचा एक वायपर काढायचाय तुम्हाला. हौसेला मोल नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

करता येतं का? न यायला काय झालं! हात कशाला आहेत मला? बॉनेट उघडायचं, काचेखालची जाळी काढायची, दोन्ही वायपर एकत्र हलवणारी जी दांडी असते ती काढून टाकायची, जुनी भोकं बुजवायची, मधे नवीन भोक पाडायचं, आणि लांब दांड्याला लांब पातं लावायचं. झालं! मग पाऊस आला की तो एकटा बिचारा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणार, मोटर रडणार, आणि एवढं करूनही कोपरे राहणार ते राहणारच. काच आडवी, पातं फिरणार गोल. चौकोनी डब्यावर गोल झाकण ठेवून बघा घरी, कळेल. तुम्ही काय शिकलात म्हणालात? — जाऊ दे, नका सांगू.

बरं, शेजारी कोण बसतं तुमच्या? बायको. आणि तिला पावसात दिसलं नाही तर? — हां, हसा, हसा. ‘तिला काय बघायचंय, गाडी तर मी चालवतो.’ हेच म्हणालात ना? शब्दसुद्धा तेच. तुम्ही सगळे हे एकाच शाळेत पाठ करून येता की काय? मी म्हणालो होतो तेव्हा माझी बायको हसली नव्हती. हो, मी केला होता ना माझ्या गाडीला. म्हणून तर सांगतोय. अकरा वर्षं झाली. आणि मी तुमच्यापेक्षा शहाणा — मधोमध नाही बसवला, चार बोटं माझ्या बाजूला सरकवून बसवला. म्हटलं, कोपरा राहायचाच असेल तर तिच्या बाजूचा राहू दे. सगळं गॅरेज बघायला जमलं होतं. काय डोकं चालवलंय, म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? सांगतो. हा माझा डावा डोळा आहे ना — इकडे या, उजेडात बघा — यात ग्राइंडरची ठिणगी गेलेली आहे, लग्नाआधीची. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. कुणाला सांगत नाही मी. डोळा अधू असलेल्या मेकॅनिककडे कोण गाडी देईल? तुम्ही दिली असती? नसतीच दिली. पण बायकोला माहीत. त्यामुळे आमची एक रीत होती. कुठलाही चौक आला की मी वेग कमी करायचा, हिनं डावीकडे बघायचं आणि म्हणायचं, ‘थांबा’ नाहीतर ‘जा’. हातात विणकाम असलं तरी, मुलगी मांडीवर झोपलेली असली तरी, आमचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी — हो, भांडणातसुद्धा! दोन दिवस अबोला, पण चौक आला की ‘जा’. एक दिवस चुकली नाही. वीस वर्षं मी हिच्या डोळ्यानं गाडी चालवली, आणि लोक म्हणायचे, काय सफाईनं चालवतो.

वायपर बसवल्यावर पहिला मोठा पाऊस. चौक आला. मी थांबलो. मागून हॉर्न वाजायला लागले. हिनं म्हटलं, ‘जा.’ मी गेलो. डावीकडून पाण्याचा टँकर आला तो सरळ हिच्या दारावर. मला साधं खरचटलं नाही. हिचं कोपर गेलं, अजून सरळ होत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टूल घेते. तर असं आहे — बायकोच्या सांगण्यावरून गाडी हाकली की हे असं होतं. ‘जा म्हणाली आणि स्वतःच गेली असती!’ पोलिसाला हेच सांगितलं मी, मेहुण्याला हेच सांगितलं. इथे गिऱ्हाइकांना तर कितीदा सांगितलं असेल, हसून हसून लोळतात. तुम्ही नाही हसलात? बरं.

नाही, ती काही म्हणत नाही. कधीच नाही म्हणाली. ऐकून घेते, कप उचलते आणि आत जाते. फक्त त्या दिवसापासून गाडीत पुढे बसली नाही. आधी मागे बसायची, आता मागेही नाही — बसनं जाते. मी दुसऱ्याच महिन्यात दोन्ही वायपर परत बसवले. तिच्या बाजूचं रबर दर वर्षी नवं टाकतो. त्या काचेतून बघायला कोणी नाही, तरी टाकतो. मूर्ख म्हणा हवं तर.

परवा जावई आला होता, त्याच्यासमोर परत तेच सांगितलं. तोही हसला. मुलगी नाही हसली. आणि आज सकाळी हिनं बॅग भरली. ‘मुलीकडे जाते काही दिवस’, म्हणते. काही दिवस जाणारं माणूस शिलाई मशीन बांधून घेतं का हो? साडेचारची बस आहे. म्हटलं सोडतो, तर म्हणते, कशाला त्रास. त्रास! मला!

काय? काय विचारलंत? — पाऊस एवढा होता, कोपरा पुसला जात नव्हता, तर तिला दिसलं कसं?

नव्हतंच दिसलं. काच नुसती पांढरी होती. ती म्हणाली तसं, ‘अहो, काही दिसत नाहीये, मी खाली उतरून बघते.’ दाराला हात घातला होता तिनं. आणि मी — मागे हॉर्न वाजत होते, मला लाज वाटत होती — मी ओरडलो, ‘अंदाजानं सांग! तोंडाला काय कुलूप लागलंय?’ म्हणून म्हणाली ती. माझ्या ओरडण्याला भिऊन म्हणाली. हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे. आणि आता तुम्हाला. वा! अकरा वर्षं सख्ख्या भावाला सांगितलं नाही आणि तुम्हाला सांगत बसलोय, तुम्ही कोण लागून गेलात माझे? वायपर काढायला आलेला माणूस!

माफी? मागायची काय त्यात, तिला माहीतच आहे की सगळं — नाही. नाही मागितली. जावयासमोर तर नाहीच.

किती वाजले? तुमच्या घड्याळात बघा, ते भिंतीवरचं पुढे आहे. चार? चार वाजून किती? — हे बघा, मी तुमचं काम करणार नाही. दुसरीकडेही करू नका. वाद घालू नका माझ्याशी, मघापासून हातात धरलाय तो पाना द्या इकडे. आणि उभे काय राहिलात? गाडी काढा आधी. काढा म्हणतो ना! फाटकात आडवी लावून ठेवलीय, माझी आत अडकलीय.