बॅकअपच्या डब्याला हार

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, हे आधीच सांगतो; मग खुशाल हसा. दसऱ्यापासून घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप त्याच्या वेगळ्या डब्यात होईना. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. मी पासवर्ड बदलला, राउटर बदलला, कंपनीला शिव्या घातल्या. शेवटी पुण्याच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "बॅकअपच्या डब्यावर लाइट कुठला लागलाय?"

तेव्हा पहिल्यांदा त्या डब्यापाशी गेलो. वर हळदीकुंकू, हार, आणि प्लग काढून ठेवलेला.

"आई, हे काय?"

"खंडेनवमीला यंत्राला विश्रांती देतात की. तुझ्या आजोबांचे कापड विणायचे मागसुद्धा बंद असायचे."

"अगं, दसरा होऊन पंधरा दिवस झाले!"

"मग? हार सुकला की चालू करायचं."

हार प्लास्टिकचा आहे.