तुमच्या साइटवरचं माझं नाव

शांताबाई : नाही गो बाय, तू खोटं लिहिलंस असं मी कुठे म्हणते? मी म्हणते, ते काढून टाक.

सपना : मावशी, आधी बसा. मुलुंडहून अंधेरीपर्यंत एवढ्यासाठी आलात? फोन करायचा ना.

शांताबाई : फोनवर तू म्हणाली असतीस, बघते. म्हणून आले.

सपना : पण काढायचं कशाला? तुमच्या पाळणाघराचं नाव लावून कुणीतरी तो व्हिडिओ फिरवला. त्यात बाळाला मारणारी बाई तुम्ही नाही, व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला, दोन वर्षं जुना, हे आम्ही तपासून साइटवर पुराव्यासकट लिहिलं. त्यानंतरच तर मुलं परत आली तुमच्याकडे.

शांताबाई : आली. चौदातली अकरा आली. देवव्रतची आई रुचिरा तर माझ्या पाया पडली. तुझ्या बातमीची प्रिंट काढून मी दारावर लावली होती.

सपना : मग?

शांताबाई : मग गेल्या महिन्यात टीव्हीवर ते सुरू झालं. तुमची संस्था बाहेरच्या देशाचे पैसे खाते, पैसे घेऊन खऱ्याचं खोटं करते. मोबाइलवर तर तुझा फोटोसुद्धा आला.

सपना : माहितीये. लाल गोल काढलेला.

शांताबाई : सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ह्या लोकांनी जिला निर्दोष म्हटलं ती नक्कीच तसली असणार. दुसऱ्या दिवसापासून एकेक आई यायची आणि बाळाचे कपडे, दुधाची बाटली पिशवीत भरून न्यायची.

सपना : रुचिरासुद्धा?

शांताबाई : ती नाही आली. नवऱ्याला पाठवलं. देवव्रत माझा पदर सोडेना. दीड वर्षाचं पोर ते. बापाने एकेक बोट सोडवलं त्याचं. त्यापेक्षा मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

(सपना पाण्याचा ग्लास पुढे सरकवते.)

शांताबाई : खरं सांग, घेता तुम्ही बाहेरचे पैसे?

सपना : घेत होतो. सोशल मीडियाची एक परदेशी कंपनी. तिच्या ॲपवर जे पसरतं ते खरं की खोटं, हे तपासायचे पैसे ती द्यायची. आम्ही लपवलं नाही, साइटवर लिहिलंय. आता तिनेही हात काढून घेतला. सात जण होतो, तिघं उरलोय.

शांताबाई : म्हणजे ते बोलतात ते खरंच.

सपना : पैशांचं खरं. पैसे घेऊन खोटं लिहितो, ते खोटं.

शांताबाई : अर्धं खरं, अर्धं खोटं. जिन्यात उभी राहून कुणाकुणाला समजावू मी हे?

सपना : मला माझ्या सख्ख्या भावाला नाही समजावता आलं. जेवताना विचारतो, आज किती डॉलर मिळाले?

शांताबाई : मग काढ ना ते. तुमचं नाव माझ्या नावाला चिकटलंय. ते सुटलं की लोक विसरतील.

सपना : काढलं तर म्हणतील, बघा, खोटं होतं म्हणून काढलं. नुसतं तुमचं नाव गाळलं तरी आमच्या नियमाप्रमाणे खाली लिहावं लागतं, अमुक तारखेला बदल केला. त्याचाच स्क्रीनशॉट फिरवतील. तुमची आणखी वाट लागेल, मावशी.

शांताबाई : म्हणजे ठेवलं तरी तेच, काढलं तरी तेच.

सपना : हो.

शांताबाई : सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही निर्दोष आहात असं दुसऱ्या कुणाकडून लिहून आणा. सगळ्यांचा विश्वास आहे अशा माणसाकडून. असं कोण आहे गो?

सपना : किती मुलं येतात आता?

शांताबाई : दोन. त्यांच्या आयांना दुसरीकडे परवडत नाही म्हणून येतात. विश्वास आहे म्हणून नाही.

सपना : मी येते रविवारी. सगळ्या पालकांना बोलवा. मूळ व्हिडिओ दाखवते, ते पाळणाघर कुठलं, तिथे कुणाला अटक झाली, सगळे कागद दाखवते. समोरासमोर बोललं की—

शांताबाई : सकाळपासून काही खाल्लंस का तू? डोळे बघ किती ओढलेत.

सपना : मावशी, मी खरंच येते.

शांताबाई : नको बाय. तू आलीस तर ती दोघंसुद्धा जातील.