पांढऱ्या साडीवर भर दुपारी

न्हाई न्हाई, तो फ्लॅश ठेवा खाली ताई — तो तुमच्या कामाचा न्हाई. दिसायला गोड हाय, हाव, पर्समध्ये मावतो, आणि मोबाईलमधला तो दाढीवाला गोरा पोरगा हाच हातात धरून 'सूर्याला हरवतो' म्हणतो — हरवत असेल बाबा, तिथला सूर्यच अर्धा आजारी. हितं लातुरात मे महिन्यात बारा वाजता मारून बघा, पेटला का न्हाई ते शेजारच्याला विचारावं लागतं. मागच्या लग्नसराईत औशाचा एक फोटोग्राफर हाच घेऊन गेला, मी नको म्हणून राहिलो तरी — माझं कोण ऐकतंय, मी तर नुसता जन्मभर हेच विकतोय — आणि अक्षता पडायच्या आधीच फ्लॅश तापून बंद. नवरा-नवरी उन्हात उभे आणि ह्यो पठ्ठ्या फ्लॅशला उपरण्यानं वारा घालून राहिला. आला मग परत माझ्यावरच तोंड टाकायला.

बसा की. चहा सांगितलाय. नांदेडहून आलात म्हणता, एसटीनं, एवढ्या उन्हाचं, एका फ्लॅशसाठी? नांदेडातली दुकानं बंद पडली का काय सगळी? — बरं, आमचं नाव हायच तसं, गोलाईच्या बाजारात कोणालाबी विचारा गुरुबसप्पाचं दुकान. कोणीतरी म्हणलं असेल तिकडंच जा, तो माणूस तोंडाचा फाटका हाय पण माल खरा देतो. कोण म्हणलं? — असू द्या, नाव नका सांगू, उगं त्याला कमिशन द्यावं लागंल.

तर हा दोनशेचा, हा चारशेचा आणि तो खालचा सहाशेचा. आकडा म्हणजे ताकद, बाकी डब्यावर जे छापलंय ती सगळी कविता. दोनशेचा सावलीत शहाणा, उन्हात मुका. सहाशेचा उजेड लई, पण तो दिवसभर उचलून तुमचा खांदा उतरला की पुढच्या लग्नात तुम्ही पाहुण्या म्हणूनच जा. चारशेचा घ्या. बॅटरी आतच बसती, वायर न्हाई, जनरेटरवाल्याच्या पाया पडणं न्हाई — फक्त उन्हात गाडीत ठेवू नका, फुगती. थांबा, मारून दाखवतो. तिकडं बघा, त्या भोपळ्याकडं. हसू नका. भाजीचा न्हाई तो, मॉडेल हाय आपली. टिकली लावलीय, डोक्यावर रुमालाचा पदर हाय, अजून काय पाहिजे? 'काका मला बारीक दाखवा' म्हणत न्हाई, घटकाघटकाला आरसा मागत न्हाई. हे बघा — कसा उजळला. आधी माणसाची मॉडेल होती आमच्याकडं. आमची पोरगी, स्वप्नाली. नवा फ्लॅश आला की बारा वाजता तिला गच्चीवर उभी करायचं, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि मारायचं — शाळेत होती तवापासून. पाय भाजतात अप्पा म्हणून कोकलायची, दर खेपेला डोळे मिटायची, पण उभी राहायची. तिच्या तोंडावर मारल्याबिगर एकबी फ्लॅश विकला न्हाई मी. आता असती बाहेरगावी, नोकरीला. नांदेडलाच की तुमच्या. बरं चाललंय. चाललं असेल बरं. फोन? होतो की. तिच्या आईला होतो.

ते जाऊ द्या, तुम्हाला फोटो काढायचेत ते लग्न कसं हाय ते सांगा. रविवारी, नदीकाठी, उघड्या मैदानात — आणि मांडव फक्त पाहुण्यांवर? वा. म्हणजे पाहुणे सावलीत आणि ज्यांचं लग्न हाय ते उन्हात. फोटोसाठी माणसं काय करतील सांगता येत न्हाई. शालू कोणत्या रंगाचा? — पांढरी साडी. नवऱ्याचंबी पांढरंच. मग बौद्ध पद्धतीचं हाय म्हणा ना सरळ. चांगलं असतं ते, आटोपशीर. भटजीची वाट बघणं न्हाई, रुसलेला जावई शोधणं न्हाई. मी लई फोटो काढलेत तसल्या लग्नांचे, मला काय, दुकानाला जात नसती. घराचं वेगळं असतं. घराला पाहुणे असतात, त्या पाहुण्यांना तोंडं असतात — पण तुम्ही फ्लॅश घ्यायला आलात, हे कशाला सांगून राहिलो मी. तर पांढरं. हे टीटीएलचं बटण बघा. हे दाबलं की किती उजेड टाकायचा ते फ्लॅशच ठरवतो. आणि पांढरं समोर आलं की ह्याला वाटतं उजेड पुष्कळ हाय, मग हात आखडता घेतो. साडी झकास, तोंड काळं. म्हणून पांढऱ्यावर उजेड आपल्या हातानं ठरवायचा, यंत्राच्या भरवशावर न्हाई.

काय विचारलंत? खऱ्या उजेडाच्या आधीची बारकी चमक बंद करता येती का?

येती की. हातानं ठरवलं की आपोआपच बंद पडती. टीटीएलवर असला की हा आधी एक बारीकशी चमक टाकून अंदाज घेतो आणि मग खरा उजेड मारतो — एवढ्या पटकन की आपल्याला दोन्ही एकच वाटतात. एखाद्याचे डोळे मात्र त्या पहिल्या चमकेलाच मिटतात, आणि फोटोत येतात मिटलेलेच. पण ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ह्या काउंटरवर हे कोणी विचारत न्हाई. लोक किती वॉट विचारतात, गॅरंटी विचारतात, बॅग फुकट हाय का विचारतात. हे न्हाई विचारत. — नवरी म्हणाली? माझे डोळे मिटतात म्हणाली, आणि लातूरला जाऊन घे म्हणाली?

चहा घे. गार व्हायलाय.

नवऱ्याचं नाव नको सांगूस, ठाऊक हाय मला. आनंदराज. सरकारी इंजिनीयर. ह्याच स्टुलावर बसला होता की, तू बसलीस त्याच. हुशार हाय हां आमची पोरगी — बापाला पत्रिका न्हाई पाठवली, गिऱ्हाईक पाठवलं. पोरगा वाईट हाय असं न्हाई म्हणत मी. मी आडनाव विचारलं, त्यानं सांगितलं. मग मी गाव विचारलं, आजोबा विचारले, असं आडून आडून — तर तो म्हणतो, काका, तुम्हाला जे विचारायचं ते विचारा, आम्ही बौद्ध आहोत. असं तोंडावर. मला त्याचाच राग आला बघ. मी एवढा फिरून फिरून चाललोय तर ह्यानं जरा थांबावं का न्हाई? मग मीबी बोललो, भावकी बसली होती तिच्या देखत बोललो — तुमच्या मांडवात माझा पाय लागणार न्हाई. बोललो ते बोललो. सिद्धम्मा, तिची आई, ती चाललीय. चार दिवस झाले पिशवी भरून दारात ठेवलीय, येता-जाता मीच ठेचकाळतो तिला. मला 'चला' म्हणाली का? न्हाई. एकदाबी न्हाई. मीबी विचारलं न्हाई.

आता काय? — घरच्यांच्या फोटोत नवरीचा बाप कुठं उभा करू, हे मला विचारतीस? जो न्हाईच त्याला कुठं उभा करतीस बाई? मामाला कर. तिच्या डाव्या हाताला कर, पण कोणालातरी कर, जागा सोडू नको. फोटोत रिकामी जागा लई दिसती. पुढं जन्मभर ज्याला त्याला दिसती ती.

आणि दुसरं ऐक. फ्लॅशच्या तोंडाला ही कापडी पेटी लावायची, उजेड मऊ पडतो. पण नदीकाठचं वारं हिच्यात भरलं की स्टँड सरळ मांडवावर. विटा बांधून भागत न्हाई, धरायला माणूस लागतो. तुझ्याकडं कोण हाय? कोणीच न्हाई? एकटी फोटो काढणार, एकटी लाईट धरणार, भर दुपारी नदीवर — मग मला कशाला विचारतीस, सहाशेचाच घे की, खांदाबी उतरू दे. कोणी भाऊबिऊ धरंल म्हणतीस? त्याला काय कळतंय? साडीवरून उजेड काढून तोंडावर कसा न्यायचा त्याला ठाऊक हाय? ती फोटोला मान कलती करती, हनुवटीखाली सावली येती, मग दांडा किती खाली घ्यायचा — हे कोण सांगणार त्याला?

मी धरतो.

बाप म्हणून न्हाई, आधीच सांगतो. लाईटवाला म्हणून. मांडवात पाय ठेवणार न्हाई म्हणालोय तर न्हाईच ठेवणार, लाईट भाईर उन्हातच असतो. टोपी घालीन. फ्लॅश तोंडावर पडला की समोरच्याला मागचा माणूस दिसत न्हाई. तिला सांगू नको. तिच्या आईला तर मुळीच सांगू नको, ती सगळ्या गाडीला सांगत जाईल.

हसतीस काय? — काय म्हणाली ती? लाईटला माणूस आणू नको म्हणाली? दुकानातनं मिळंल म्हणाली?

बरं.

जा तू आता. फ्लॅश राहू दे हितंच. रविवारी मीच घेऊन येतो.