हसायची चोरी

नाही, पण मी म्हणते, माणसानं शिंकावं की नाही? खोकावं की नाही? आणि हसावं की नाही हो? तुम्ही सगळ्या खुशाल खदाखदा हसताय, हसा बायांनो, हसा! पण ही तुमची नर्मदा, जिचं हसू म्हणे निर्मळच्या तळ्यापलीकडे ऐकू जायचं, तिला दोन वर्षं काय होती? हसायची चोरी!

म्हणजे झालं काय, तुम्हाला सांगते, हसले की गळायचं. आता कसं सांगू, बायाबायाच आहोत म्हणून सांगते... शिंकले की थेंब, खोकले की लोंढा, केळीचा घड उचलला की झालंच, धावा! एसटीनं वसईला जायचं तर कुठल्या वळणावर खड्डा आहे ते ड्रायव्हरला माहीत नसेल पण मला पाठ! खड्डा आला की मी पायांची अढी घालून, डोळे मिटून बसायची, आणि शेजारची बाई म्हणायची, "काय भाविक बाई आहे, गाडीतसुद्धा नामस्मरण!" कसलं नामस्मरण?

आणि सांगणार कुणाला? आमच्या ह्यांना? छे! हे आमचे विठ्ठलराव, बागायतदार माणूस, ह्यांना वाटलं मी रुसले. का तर मी हसत नाही! एक दिवस सायकलला सोनचाफ्याची टोपली लावून बाजारात निघाले होते, ते थांबले आणि म्हणतात, "नर्मदे, माझं काही चुकलं का?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं बघा! आणि मला सांगताही येईना की बाबा रे, तुझं ह्या वेळेस खरंच काही चुकलेलं नाही.

पण खरा घात झाला तो हंसाच्या लेकीच्या बारशाला. हंसा माझी थोरली. तिच्या सासरी, पलीकडे गासला, बारसं. पाळणा सजवलेला, बाया नावं घेताहेत, एकीनं नवऱ्याचं असं काही नाव घेतलं की सगळी ओटी हसून लोळतेय, आणि मी? मी भिंतीला टेकून, ओठ आवळून, जशी काही सुतकात! विहीणबाई म्हणाल्या, "घ्या ना नातीला." घेऊ कशी? उचललं की गळणार! नव्या लुगड्यात, व्याह्यांच्या सतरंजीवर! मी म्हटलं, "नको, राहू दे," आणि पहिल्या एसटीनं घरी!

चार दिवसांनी हंसा आली. बाळ कडेवर, डोळे सुजलेले. म्हणते, "आई, मुलगी झाली म्हणून तू हात लावला नाहीस ना?"

काय सांगू तुम्हाला, काळजात कळ गेली. अहो, माझी पहिली नात! मी तिथंच बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं, आणि रडताना हुंदका आला, तर तेव्हाही गळलं! हंसा आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "ऊठ! लुगडं बदल. डॉक्टरकडे चल."

डॉक्टरीणबाई भली. पण तपासायची तऱ्हा बघा! म्हणते, "पोटभर पाणी प्या, लघवी रोखून धरा आणि आता खोका." मी म्हटलं, "बाई, खोकले तर तुमचं टेबल..." तर म्हणते, "तेच तर बघायचंय!" मग खोकले. अस्सं खोकले की बाई दोन पावलं मागं सरकली! म्हणाली, "बाळंतपणांनी आतला आधार सैल झालाय, लघवीच्या पिशवीची मान खाली घसरलीय." आधी व्यायाम दिले, ते केले, थोडा फरक पडला, पुरता नाही. मग म्हणाली, "ऑपरेशनचे दोन मार्ग आहेत. एक खालून, आतूनच टाके घालून आधार द्यायचा. पोटावर कापाकापी नाही, लवकर उठाल, पण काहींचं पुढे पुन्हा सैल पडतं. दुसरं वरून, पोट उघडून, टाक्यांनी वर टांगायचं. दुखतं जास्त, उठायला वेळ लागतो, पण बहुतेकींचं जास्त टिकतं."

आता आली का पंचाईत! वरून की खालून?

आमच्या ओळखीत दोघींचं हे ऑपरेशन झालेलं. गोखिवऱ्याची जिजा, तिचं खालून. आणि शेजारची इनेझ, तिचं वरून. मी दोघींना चहाला बोलावलं... तेच चुकलं! जिजा म्हणते, "खालून कर, बाय! पोटाला सुरी नाय, काय नाय, मी लगेच पानी भराया लागले!" इनेझ म्हणते, "हो, आणि पुढच्या पावसाळ्यात परत गळायला लागलं तर? माझं बघ, नीट टांगलंय!" जिजा चिडली. "माझं कोरडं हाय! दावू?" असं म्हणून कनवटीची डबी काढली, चिमूटभर तपकीर ओढली आणि शिंकतेय, शिंकतेय, शिंकतेय! "बग! हाय थेंब?" मग इनेझ मागे राहते काय? तिनं पदर खोचला, परसातल्या केळीच्या पाण्याच्या पाटावरून उडी मारली, अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे! एक शिंकतेय, एक उडतेय, आणि एवढ्यात हे आले खांद्यावर घड घेऊन! म्हणतात, "इनेझबाय, साप आहे काय?"

मी हसले हो! आणि धावले. हसायची चोरी!

शेवटी डॉक्टरीणबाईलाच विचारलं, "माझ्या जागी तुमची आई असती तर?" म्हणाली, "तुम्ही घड उचलता, पाणी ओढता. तुम्हाला वरूनच बरं." ठरलं!

ऑपरेशन झालं. लघवीला नळी लावली, खाटेला पिशवी टांगली. मग नळी काढली आणि... होईचना! दोन वर्षं नको तिथं होत होतं, आता हवं तिथं होईना! नर्सनं नळ सोडला, म्हणाली, "आवाज ऐका." त्या नळाच्या नादानं शेजारच्या खाटेवरची बाई उठून धावली, माझं नाहीच! पुन्हा नळी. दुसऱ्यांदा काढली तेव्हा कुठे मोकळी झाले, आणि अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. मला हसू फुटलं, तर पोटाचे टाके ओढले! म्हणजे पुन्हा हसायची चोरीच की!

पण भरलं हो सगळं. तीन महिने जड उचलू दिलं नाही कुणी. ते संपले तशी ह्यांना घेऊन गासला गेले आणि आधी नातीला उचललं. छातीशी धरलं, गुदगुल्या केल्या. ती खिदळली, मी खिदळले, हंसा दारात उभी राहून डोळे पुसत खिदळली. आणि त्या पोरीनं माझ्या नव्या लुगड्यावर सोडली की धार! मी ओरडले, "हिची आहे गं, हिची! माझी नाही!" आणि अशी हसले, अशी हसले, की ओटीवरचे व्याही दचकून उठले. जिवाचं समाधान झालं हो!

आणि तेवढ्यात आमचे हे! ज्यांना आजवर बायकोचं नाव चारचौघांत घेता आलं नाही, ते छाती पुढे काढून व्याह्यांना सांगतात, "बघा, एवढी हसली, पण थेंब नाही! वरून केलंय आपण, वरून!" तेव्हापासून एसटीच्या कंडक्टरला सांगतात, फुलवाल्याला सांगतात, परवा तर देवळातल्या गुरवाला वरचं-खालचं समजावत होते. माझं गळायचं थांबलं, बायांनो... पण ह्यांच्या तोंडाला टाका वरून घालायचा की खालून, ते काही डॉक्टरीणबाईलाही सांगता येईना!